गणपतीची तालीम आणि कीबोर्ड कंट्रोलरचं मिडी चॅनेल (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

ए-302: नमस्कार मंडळी. हॉलमध्ये कीबोर्ड कंट्रोलर (नुसत्या पट्ट्या, स्वतःचा आवाज नाही) आणि साउंड मॉड्यूल (आवाज काढणारा डबा) जोडून ठेवलंय. पट्टी दाबली की मॉड्यूलवरचा मिडीचा, म्हणजे वाद्यांमधल्या निरोपांचा, दिवा लुकलुकतो, पण आवाज काही येत नाही. कंट्रोलरवर चॅनेल 3 दिसतंय. ते 1 कसं करायचं? सातला तालीम आहे.

सी-1104: दिवा लुकलुकतोय म्हणजे केबल आणि पॉवर ठीक आहे. कंट्रोलरचा निरोप पोचतोय, पण मॉड्यूल दुसऱ्या चॅनेलवर कान देऊन बसलंय. मिडीच्या एकाच केबलमधून 16 चॅनेल जातात. प्रत्येक नोटच्या निरोपात चॅनेलचा आकडा असतोच. मॉड्यूल सिंगल मोडमध्ये (एकाच चॅनेलवर ऐकणं) 1 वर ऐकत असेल तर 3 चा निरोप ते सोडून देतं. आधी मॉड्यूलच्या सिस्टीम मेनूत रिसीव्ह चॅनेल बघा, मगच कंट्रोलरला हात लावा.

ए-302: बघितलं काका. रिसीव्ह चॅनेल 1 आहे.

सी-1104: मग कंट्रोलर 1 वर आणा. त्याआधी दोन्ही हात पट्ट्यांवरून उचला, सूर लांबवणाऱ्या पेडलवरचा पायही काढा. आता फंक्शन बटण दाबा. काही कंट्रोलरवर त्यालाच ॲडव्हान्स्ड, एडिट नाहीतर शिफ्ट म्हणतात. पट्ट्यांच्या वरच्या कडेला बारीक अक्षरं छापलेली असतात, त्यात ‘मिडी सीएच’ लिहिलेली पट्टी शोधून दाबा. मग आकड्याच्या पट्टीने 1 आणि शेवटी एंटरची पट्टी. हे चालू असताना पट्ट्या वाजत नाहीत, घाबरू नका. 10 हवं असेल तर 1, 0, एंटर. एंटर राहून गेलं तर जुनंच चॅनेल कायम राहतं, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

सी-1104: आर्टुरियाच्या कीस्टेपवर हेच सोपं आहे. शिफ्ट धरायचं आणि डावीकडच्या 16 पट्ट्यांपैकी हव्या त्या आकड्याची दाबायची.

ए-302: आला आवाज! पण पेडलचं काय, ते कशाला सोडायचं?

बी-702: दादा, हे नीट समजून घ्या, कार्यक्रमात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पट्टी दाबली की ‘नोट सुरू’ असा निरोप जातो, सोडली की ‘नोट बंद’. पट्टी धरलेली असताना तुम्ही 3 चं 1 केलं, तर ‘बंद’चा निरोप 1 वर जाऊ शकतो आणि 3 वरची नोट तशीच वाजत राहते. पेडलचंही तेच. त्याचा निरोप म्हणजे कंट्रोल चेंज (नोट सोडून बाकी हालचालींचे आकडेवार निरोप) 64, दाबलं की 127, सोडलं की 0. तो 0 जुन्या चॅनेलला मिळालाच नाही, तर तिथला पेडल दाबलेलाच राहतो. मग नंतर कधीही त्या चॅनेलवर परत आलात की सगळे सूर एकमेकांत मिसळून गढूळ ऐकू येतात आणि आपण उगाच रिव्हर्बची (घुमण्याची) बटणं पिळत बसतो.

ए-302: अडकली नोट तर? मॉड्यूल बंद करून चालू करायचं?

बी-702: नको, आवाज बदललेले असतील तर ते जातील. कंट्रोलरवर पॅनिक किंवा ‘ऑल नोट्स ऑफ’ असतं, तो कंट्रोल चेंज 123. पण पेडल दाबलेलं राहिलं असेल तर 123 ने नोट थांबत नाही, ती पेडल सुटायची वाट बघते. अशा वेळी 120, म्हणजे ‘ऑल साउंड ऑफ’ पाठवा. तो लगेच गप्प करतो. त्यानंतर जुन्या चॅनेलवर जाऊन पेडल एकदा दाबून सोडा म्हणजे 64 चा 0 तिथे पोचेल. आणि कंट्रोलर चालू करताना पेडलवर पाय ठेवू नका. बरेच कंट्रोलर सुरू होताना पेडलची स्थिती वाचतात. तेव्हा ते दाबलेलं असलं तर पुढे सगळं उलटं चालतं, पाय उचलला की सूर रेंगाळतो.

डी-504: आमच्याकडच्या कंट्रोलरला आठ पॅड आहेत. त्यांच्यावर ठेका हवाय. त्यांनाही 1 च ठेवू का?

सी-1104: नाही ताई, पॅड 10 वर. मॉड्यूल जीएम, म्हणजे जनरल मिडी, मोडमध्ये टाका. 1991 पासूनच्या जनरल मिडीच्या नियमात चॅनेल 10 तालवाद्यांचं आहे, त्यावर 36 म्हणजे बास ड्रम, 38 स्नेअर, 42 बंद हाय-हॅट. उलट पट्ट्या चुकून 10 वर गेल्या तर मधल्या सा ला, म्हणजे नोट 60 ला, बोंगो वाजतो. असा बोंगो ऐकू आला की मॉड्यूल बिघडलेलं नाही, आकडा तेवढा बघायचा.

बी-702: आणि ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर वर-खाली सरकवणं! गायिकेसाठी पांढरी दोन हवी म्हणून +2 केलं आणि तोच कंट्रोलर 10 वर ताल वाजवत असेल, तर 36 चं 38 होतं. बास ड्रमच्या जागी स्नेअर. काही कंट्रोलरवर ट्रान्सपोज फक्त पट्ट्यांना लागतो, काहींवर पॅडलाही. तालमीतच तपासून घ्या.

ए-302: सनईचा आवाज कुठे मिळेल?

सी-1104: जीएमच्या यादीत 112. सतार 105, पेटीच्या जवळचा रीड ऑर्गन 21. पण काही कंट्रोलर 0 पासून मोजतात, त्यांच्यावर 112 टाकलं तर 113 चा टिंकल बेल येतो. आवाज एकाने सरकलेला वाटला तर एक आकडा कमी करा. आवाज निवडायचा हा निरोप, म्हणजे प्रोग्राम चेंज, त्या-त्या चॅनेलपुरताच असतो, म्हणजे 1 वर सनई लावली तरी 2 चा आवाज बदलत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: दोन गाण्यांमध्ये फंक्शन दाबून आकडे टाकत बसू नका. 1 वर सनई, 2 वर पेटी, 10 वर ताल असं आधीच लावा आणि कंट्रोलरवर दोन प्रीसेट (आधीच लावून ठेवलेल्या जुळण्या) साठवा. दहाच्या आत कार्यक्रम संपवायचाय, तेवढा वेळही वाचेल.

ई-201: लॅपटॉपवर मी चॅनेल बदललं तरी आवाज तोच येतो. असं का?

बी-702: लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमधल्या तुमच्या ट्रॅकचं इनपुट ‘ऑल चॅनेल्स’वर असणार. मग कुठल्याही चॅनेलवर वाजवा, त्याच वाद्याला जातं. पट्ट्या आणि पॅड वेगळे हवे असतील तर एका ट्रॅकचं इनपुट 1, दुसऱ्याचं 10 करा.

डी-504: आमच्या कंट्रोलरला फक्त यूएसबी आहे. मॉड्यूलला गोल पाच पिनांचं सॉकेट. नुसती केबल मिळेल का?

सी-1104: नुसती केबल चालणार नाही. लॅपटॉपला लागते ती यूएसबी-मिडी केबल वेगळी, ती इथे उपयोगाची नाही. कंट्रोलरला समोर यूएसबी होस्ट (लॅपटॉपसारखं, यूएसबी उपकरण चालवणारं यंत्र) लागतो, म्हणून यूएसबी होस्ट असलेला मिडी बॉक्स घ्यावा लागेल. लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर दोन्हीकडच्या सॉकेटचे फोटो घेऊन जा. तोपर्यंत मधे लॅपटॉप ठेवूनही काम होईल.

बी-702: आणि गोल केबल 15 मीटरच्या वर ओढू नका. मॉड्यूल स्टेजवरच राहू दे, लांबची ऑडिओ केबल मिक्सरपर्यंत न्या. मिडीच्या केबलमधून आवाज जात नाही, हे साउंडवाल्या दादांनाही सांगा. मी पावणेसातला हॉलवर येते, पॅड आणि प्रीसेट लावून घेऊ.