रेक्टमचा (गुदाशयाचा) एमआरआय: तिरके अ‍ॅक्सियल कशाच्या काटकोनात लावायचे? डिफ्यूजनही गॅसमुळे बिघडतंय

कॉइलवाला
१.५ टेस्ला मशीन, फेज्ड-अ‍ॅरे कॉइल. रेक्टल कॅन्सरच्या स्टेजिंगसाठी सध्या घेतो ते असं: सॅजिटल (बाजूने उभा छेद) टी-टू (एमआरआय प्रतिमेचा एक प्रकार), सरळ अ‍ॅक्सियल (आडवा छेद) टी-टू ५ मिमी, फॅट-सॅट (चरबी काळी करणारा) टी-टू, डिफ्यूजन (पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणारा सीक्वेन्स) आणि शेवटी कॉन्ट्रास्ट. सर्जनचं म्हणणं, मेसोरेक्टल फॅशियापासून (गुदाशयाभोवतीच्या चरबीचं पातळ आवरण) गाठीच्या मोजलेल्या अंतरावर विसंबता येत नाही.
तीन शंका आहेत. तिरके स्लाइस गुदाशयाला काटकोनात घ्यायचे म्हणतात, पण गुदाशय तर वळत जातो. मग कुठला अक्ष धरायचा? डिफ्यूजनमध्ये नेमकी गाठीपाशीच प्रतिमा ओढल्यासारखी होते, त्यावर उपाय काय? आणि जेल भरावं का?

फिल्मबघ्या
आधी दोन गोष्टी काढून टाका: फॅट-सॅट टी-टू आणि कॉन्ट्रास्ट. मेसोरेक्टल फॅशिया म्हणजे पांढऱ्या चरबीतली केसाएवढी काळी रेघ. चरबीच काळी केलीत तर रेघ शोधणार कुठे? वाचलेला वेळ बारीक स्लाइसना द्या: ३ मिमी जाडी, एफओव्ही (प्रतिमेत येणारं क्षेत्र) १८ ते २० सेमी, पिक्सेल साधारण ०.६ मिमी.

अक्ष गाठीचा धरायचा, अख्ख्या गुदाशयाचा नव्हे. सॅजिटलवर गाठीचा वरचा आणि खालचा काठ पाहा, तेवढ्या तुकड्यात पोकळी कुठल्या दिशेने जाते ती रेघ ओढा आणि तिला काटकोन करा. गाठ वळणावर पसरली असेल तर दोन ब्लॉक घ्या, एका ब्लॉकमध्ये कोंबू नका.

हे का, ते हिशेबानेच दिसतं. कोन ३० अंशांनी चुकला तर ५ मिमीच्या एकाच स्लाइसमध्ये भिंतीची कड जवळजवळ ३ मिमी सरकते. ३ मिमीच्या स्लाइसमध्येही पावणेदोन मिमी. आणि फॅशियापासूनच्या अंतराचा निर्णय करायचा तो १ मिमीवर! स्नायूचा थर फराटल्यासारखा होतो आणि स्टेज टी२ ची (स्नायूच्या थरापर्यंतची) गाठ टी३ (स्नायूबाहेर गेलेली) वाटू लागते. (सीक्वेन्सचा टी-टू वेगळा, स्टेजचा टी२ वेगळा. रिपोर्टमध्ये ही गल्लत खरंच होते.)

कोन बरोबर आहे का हे कन्सोलवरच कळतं. गाठ नसलेल्या बाजूचा स्नायूचा थर सारख्या जाडीचा, बारीक काळा कंस दिसला पाहिजे. तो जाड आणि धुरकट दिसला तर पेशंटला उठवण्याआधी पुन्हा प्लॅन करा.

गाठ खाली, गुदद्वाराजवळ असेल तर अ‍ॅनल कॅनालला समांतर कोरोनल (समोरून उभा छेद) हवाच. लेव्हेटर आणि स्फिंक्टर या स्नायूंमधली फट त्याशिवाय नीट कळत नाही.

शिफ्ट_टेक
डिफ्यूजनबद्दल. दोष हवेचा आहे. हवा आणि भिंत भेटतात तिथे डिफ्यूजनसाठीचा वेगवान ईपीआय सीक्वेन्स वेडावाकडा होतो. ३ टेस्लावर हा त्रास आणखी वाढतो. स्कॅनच्या साधारण १५ मिनिटं आधी छोटा एनिमा द्यावा, पेशंटला संडासला जाऊन येऊ द्यावं आणि मग टेबलवर घ्यावं. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर हायोसिन ब्युटिलब्रोमाइड (आतड्याची हालचाल थांबवणारं औषध) २० मिग्रॅ शिरेतून. त्याआधी काचबिंदू, हृदयाची धडधड, लघवी अडणे हे विचारल्याशिवाय सुई हातात घेऊ नये. असर थोडाच वेळ टिकतो, म्हणून लोकलायझर (जागा ठरवणाऱ्या पहिल्या झटपट प्रतिमा) झाल्यावर द्या.

कॉइलही बघा. नेहमीच्या पेल्व्हिससारखी वर ठेवली तर खालच्या गाठीला सिग्नलच मिळत नाही; खालची कड प्युबिक सिम्फिसिसच्या (जघनास्थीच्या पुढच्या सांध्याच्या) सुमारे १० सेमी खाली यायला हवी. पोटाच्या पुढच्या भिंतीवर सॅच्युरेशन बँड आणि फेजची दिशा डावी-उजवी ठेवली की श्वासाची भुतं (हालचालीने उमटणाऱ्या खोट्या सावल्या) गाठीवर येत नाहीत.

जेल मात्र आम्ही भरतो. छोटी गाठ चटकन सापडते.

फिल्मबघ्या
जेलवर मतभेद नोंदवतो. गुदाशय फुगला की मेसोरेक्टम (गुदाशयाभोवतीची चरबी) दाबला जातो आणि फॅशिया आहे त्यापेक्षा जवळ दिसते. जे अंतर मोजायला बसलो, तेच बदलतं. पॉलिप काढल्यानंतरची बारीक जागा शोधायची असेल तर थोडं जेल ठीक, सरसकट नको.

कोलोरेक्टल_ओटी
सर्जनच्या बाजूने. ‘मेसोरेक्टममध्ये काही लिम्फ नोड्स दिसतात’ या वाक्यावर काहीच ठरत नाही. आम्हाला हवं ते असं: ‘खालचा काठ अ‍ॅनल व्हर्जपासून (गुदद्वाराच्या कडेपासून) ७ सेमी, स्नायूबाहेर ४ मिमी म्हणजे टी३बी, फॅशियापासून सर्वांत कमी अंतर घड्याळाच्या १० च्या जागी १ मिमीपेक्षा कमी, कारण ईएमव्हीआय.’ (ईएमव्हीआय म्हणजे स्नायूबाहेरच्या शिरेत शिरलेली गाठ.) ‘कारण ईएमव्हीआय’ हे शेवटचे दोन शब्द विसरू नका. फॅशियाजवळ गाठ आहे, शिर आहे की नोड, यावर बेत बदलतो.

नोडला एस्गारचा (पोटाच्या रेडिऑलॉजीची युरोपीय संस्था) २०१६ चा निकष वापरा: आखूड व्यास ९ मिमी किंवा जास्त असेल तर संशयित, ५ ते ८ मध्ये गोल आकार, खडबडीत कड, असमान सिग्नल यांतली दोन लक्षणं हवीत, ५ च्या खाली तिन्ही. बाजूच्या भिंतीवरचे नोड वेगळे लिहा, तिथे ७ मिमीपासून आमचे कान टवकारतात.

टी१ की टी२ हे एमआरआयकडून वदवून घेऊ नका, त्याला एंडोरेक्टल अल्ट्रासाउंड बरा. छाती-पोटासाठी कॉन्ट्रास्ट सीटी. पेट-सीटी प्रत्येकाला लागत नाही.

कॉइलवाला
आभार. केमोरेडिएशननंतरच्या स्कॅनला काही वेगळं?

फिल्मबघ्या
सीक्वेन्स तेच, डिफ्यूजनची बी-व्हॅल्यू (त्याची तीव्रता) किमान ८००. डिफ्यूजनवर चमकलं म्हणून गाठ शिल्लक आहे असं नाही. गाठ असेल तर एडीसीवर (डिफ्यूजनवरून काढलेला नकाशा) तीच जागा काळी दिसली पाहिजे. दोन्हीकडे पांढरं असेल तर तो बहुधा म्युसिन (चिकट स्राव) किंवा पाणी. दोन्हीकडे काळं असेल तर फायब्रोसिस (व्रणाची ऊती).

आणि पहिल्या स्कॅनच्या सॅजिटलवर प्लॅनिंगच्या रेषा ओढलेली एक प्रतिमा पॅक्समध्ये (प्रतिमा साठवण्याच्या प्रणालीत) जरूर पाठवा. गाठ विरघळल्यावर कोन कशावरून लावणार?