शब्दचर्चा : 'गुणसूत्रीय अस्थिरता' आणि 'जनुकीय विविधता' सोप्या मराठीत कसं लिहावं?

नौपाडाकर : ठाण्यात आमच्या महिला मंडळाच्या शिबिरासाठी स्तनाच्या कर्करोगावर माहितीपत्रक करतेय. मसुद्यातलं वाक्य : 'गुणसूत्रीय अस्थिरतेमुळे अर्बुदात आनुवंशिक विविधता येते.' अध्यक्ष काकू म्हणाल्या, "विविधता म्हणजे चांगलंच की!" आता काय करू?

खारघरची लॅबवाली : काकूंचं काही चुकलं नाही. ठाणे खाडीतल्या पक्ष्यांची विविधता जपायची असते, गाठीतली मात्र रोग्याच्या मुळावर येते. औषधाने बहुतेक पेशी मेल्या तरी वेगळ्या घडणीच्या चार तगतात आणि पुढे त्यांचंच पीक येतं.

'अस्थिरता' म्हटलं की आपल्याकडे सरकार आठवतं, म्हणून तेही मोडून सांगा. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं. पेशी दुभंगताना त्यांची दोन्ही जन्यपेशींत सारखी वाटणी व्हायला हवी. ती एकदा चुकून 47 झाली तर संख्या चुकली, एवढंच. डाऊन सिंड्रोममध्येही बहुतेकदा पेशींत 47 असतात, पण ती 47च राहतात. अस्थिरता म्हणजे वाटणी चुकत राहण्याची खोड. 'चुकलेली' आणि 'चुकत राहणारी' यांतला फरक वाक्यात दिसला पाहिजे.

वाशीकर : 'एकजिनसी' हा शब्द आहे ना आपल्याकडे! 'गाठ एकजिनसी नसते' लिहा, काकूंनाही पटेल. बाकी वाटणीची ही कल्पना जुनीच. थिओडोर बोव्हेरी या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने 1914 साली कर्करोगाशी तिचा संबंध जोडला होता.

खारघरची लॅबवाली : 'एकजिनसी' झकास. आम्हाला ते डोळ्यांनी दिसतं. हर-टू हे पेशींच्या वाढीशी संबंधित जनुक 17व्या गुणसूत्रावर असतं. फिश तपासणीत त्याची प्रत्येक प्रत चमकणाऱ्या ठिपक्यासारखी दिसते, ते ठिपके आम्ही मोजतो. काही गाठींत एका पेशीच्या केंद्रकात दोनच ठिपके, तर शेजारच्यात ठिपक्यांचा नुसता झुपका. सुई कुठे टोचली यावरही रिपोर्ट बदलू शकतो.

आणि ताई, 'आनुवंशिक' आधी काढा! तो शब्द वाचला की पहिला प्रश्न येईल, "मग माझ्या लेकीलाही होणार का?" गाठीतले हे बदल गाठीतच घडतात, ते आईकडून मुलीकडे जात नाहीत. घराण्यातून येऊ शकतात ते ब्राका-वन, ब्राका-टू यांसारख्या जनुकांतले दोष, पण असे रुग्ण साधारण 5 ते 10 टक्केच. त्यासाठी वेगळा परिच्छेद करा आणि 'आनुवंशिक' फक्त तिथेच वापरा. इथे 'जनुकीय'.

नौपाडाकर : आता असं केलंय : 'कर्करोगाच्या पेशी दुभंगताना गुणसूत्रांची वाटणी वारंवार चुकू शकते. त्यामुळे गाठ एकजिनसी राहत नाही. काही पेशी औषधाला दाद देतात, काही देत नाहीत.' 'अर्बुद'ही काढलं, सरळ 'गाठ'.

वाशीकर : पहिल्यांदा येईल तिथे 'कर्करोगाची गाठ' म्हणा. स्तनातल्या बऱ्याच गाठी साध्याही असतात, उगाच कुणी हाय खायला नको.