झिर्कोनिया की मेटल-सिरॅमिक: कॅपची कड
दातावर बसवायची झिर्कोनियाची (पांढऱ्या, कणखर सिरॅमिकची) कॅप मेटल-सिरॅमिकपेक्षा (आत धातू, वर पोर्सेलीन) नेहमीच चपखल बसते, हे सरसकट पटत नाही. झिर्कोनियाचा ठोकळा आधी खडूसारखा मऊ असतो. तो २०-२५ टक्के मोठा कोरतात, मग भट्टीत आकसून मापात येतो. दाताच्या स्कॅनमध्ये किंवा भट्टीत गडबड झाली की कॅपची कड आणि दात यांच्यात फट राहते. मेटल-सिरॅमिकमध्येही पोर्सेलीन भाजताना धातूची कड किंचित हलू शकते. १२० मायक्रॉनपर्यंतची (०.१२ मिमी) फट चालते, हा १९७१ पासूनचा दंडक. कडेच्या बाबतीत सोनं मात्र राजा! मऊ असल्याने कड घासून दाताला भिडवता येते. (भाव विचारू नका.) म्हणून डॉक्टरांना ब्रँडपेक्षा हे विचारा: कायमची चिकटवण्याआधी एक्सप्लोररने (दात तपासायच्या टोकदार सळीने) कड सगळीकडून तपासणार ना?