इंटर्नला आधी मशीनवर उभं करायचं की प्रोजेक्ट द्यायचा?

बोअरगेज
उन्हाळ्यात मेकॅनिकलची मुलं सहा आठवड्यांसाठी चाकण, भोसरी, रांजणगावच्या मशीन शॉपमध्ये येतात आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या गळ्यात 'प्रोजेक्ट' मारला जातो: सेटिंगचा (एका कामावरून दुसऱ्यासाठी मशीन लावण्याचा) वेळ कमी करा, ओईई (मशीनचा प्रत्यक्ष किती उपयोग होतो त्याची टक्केवारी) वाढवा. माझं मत स्पष्ट आहे. पहिले तीन आठवडे प्रोजेक्टचं नावही काढू नये. एक मशीन, एक जॉब (घडवायचा भाग), हातात गेज (मापाचं साधन).

साधा 40 एच7 बोअर, म्हणजे 40 मिमी व्यासाचं अचूक भोक घ्या. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, शून्य ते अधिक 25 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). आधी माप ठाऊक असलेल्या सेटिंग रिंगवर बोअर गेज शून्य करायचं, मग तासाला पाच पीस मोजून आलेखावर टाकायचे. इन्सर्ट (टूलची कापणारी टिकली) झिजत जातो तसा बोअर हळूहळू लहान होतो, ती उतरती रेघ स्वतःच्या हाताने काढल्याशिवाय 'टूल वेअर' कळत नाही. मशीनमधून काढलेला पीस तसाच गरम मोजला तर? स्टीलचा जॉब 10 अंशांनी गरम असेल तर 40 चा बोअर साडेचार मायक्रॉनच्या आसपास मोठा दिसतो. 25 मधले जवळपास पाच तिथेच गेले. अ‍ॅल्युमिनियम असेल तर साधारण दुप्पट.

सायकलटाइम
तीन आठवडे गेज धरायला लावणं म्हणजे कंपनीला फुकटचा इन्स्पेक्टर. कंत्राटी माणसाचा पगार वाचला, मुलाच्या पदरात काय पडलं? तुम्ही सांगितलेलं हुशार पोराला दोन दिवसांत कळतं. पुढे नुसता आकडे भरणारा कारकून होतो.

उलट सेटिंगचा अभ्यास नीट दिला तर त्याला अख्खं शॉप पालथं घालावं लागतं. एका चेंजओव्हरचं सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रीकरण करायचं. जुन्या जॉबचा शेवटचा चांगला पीस ते नव्या जॉबचा पहिला पास पीस, एवढा सगळा वेळ धरायचा. मग एकेक काम सुटं करायचं: जॉज (जॉब धरणारे जबडे) बदलणं, सॉफ्ट जॉज (जॉबच्या मापाने कापून घ्यायचे मऊ जबडे) बोअर करणं, टूल लावणं, प्रोग्राम, ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती), ट्रायल कट, पहिल्या पीसची मंजुरी. यातलं मशीन चालू असताना आधीच काय उरकता येतं ते बाजूला काढायचं. बहुतेक ठिकाणी सगळ्यात मोठा तुकडा मशीनवर नसतोच. पहिला पीस सीएमएम या मापन यंत्राच्या रांगेत पडून असतो आणि मशीन लावणारा सेटर चहाला गेलेला असतो. हे गेज धरून बसलेल्या पोराला कधी दिसणार?

बोअरगेज
दिसेल, पण त्याचा अर्थ लागणार नाही. आणि दोन दिवसांत कळतं म्हणता, तर हे सांगा. पातळ रिंग तीन जॉच्या चकमध्ये धरून बोअर केली. दोन टोकं टेकणाऱ्या बोअर गेजने चारही बाजूंनी फिरवून मोजली, सगळीकडे साइज बरोबर. तरीही गो प्लग (बरोबर बोअरमध्ये जायलाच हवा असा तपासणीचा दांडा) आत जात नाही. का?

कारण चकमध्ये बोअर गोल होता, पण रिंग दाबाने वाकलेली होती. जॉज सुटले की दाबलेल्या तीन जागा बाहेर येतात, मधल्या तीन आत जातात. फुगलेल्या जागेच्या बरोबर समोर दबलेली जागा येते, त्यामुळे दोन बिंदूंमधलं अंतर सगळीकडे सारखंच भरतं. गेज खोटं बोलत नाही, आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारतो. इथे तीन बिंदूंचं मायक्रोमीटर लागतं आणि तेही 60 अंशांनी फिरवून. उपाय म्हणजे चकचा दाब कमी करायचा, किंवा रिंगला जवळपास पूर्ण कवेत घेणारे सॉफ्ट जॉज बनवायचे आणि ते जॉबवर लागणार त्याच दाबाखाली बोअर करायचे. तुमच्या प्रोजेक्टवाल्या मुलाने 'सॉफ्ट जॉज बोअर करणं: 18 मिनिटं, टाळता येईल' असं लिहून ठेवलं तर पुढचं रिजेक्शन कुणाच्या नावावर टाकायचं?

फॅनुक_भोसरी
रिंगचं उदाहरण चोख. पण बोअरगेज साहेब, 'मशीनवर उभं करा' म्हणताना मर्यादाही सांगा. इंटर्नला मशीनच्या पडद्यावरच्या ऑफसेटच्या पानाला हात लावू देऊ नये. समजा वेअर ऑफसेट (झिजेसाठीची दुरुस्ती) उणे 0.060 मिमी आहे आणि बोअर 12 मायक्रॉनने वाढवायचा आहे. 0.012 टाइप करून 'प्लस इनपुट' दाबायचं, म्हणजे उणे 0.048 होतं. नुसतं 'इनपुट' दाबलं की जुना आकडा पुसून थेट अधिक 0.012 बसतो. बोअर हव्या मापापेक्षा 60 मायक्रॉन मोठा, पीस भंगारात. लहान राहिला असता तर परत कट मारता आला असता. त्याने आकडा कागदावर लिहावा, टाकायचं काम सेटरचं.

आणि लेथवर, ड्रिलवर हातमोजे घालू देऊ नका. चिप हुकनेच ओढायची, तीही स्पिंडल थांबल्यावर. एअर गन अंगावर मारायची नाही. हे पहिल्या तासात सांगून सही घ्या. बऱ्याच ठिकाणी इंडक्शन म्हणजे बूट आणि गॉगल हातात देणं, संपलं.

टीपीओ_मेक
कॉलेजचा प्लेसमेंट अधिकारी म्हणून एवढंच, की आम्हाला रिपोर्ट लागतो. रोजच्या 40 रीडिंगचा रिपोर्ट परीक्षक बघतही नाहीत. प्रोजेक्टला निदान शीर्षक असतं.

सायकलटाइम
आणि त्याच रिपोर्टात पहिली पंधरा पानं कंपनीच्या संकेतस्थळावरून उचललेली असतात, तीही परीक्षक बघत नाहीत. त्यामुळे तो मुद्दा सोडा.

बोअरगेज, सॉफ्ट जॉजचं पटलं. पण तो दोष माझ्या पद्धतीचा नाही, वेळ कमी करण्याच्या नादात कारण न विचारण्याचा आहे. खोट मला दुसरीकडे दिसते. शेवटी मुलं रुपयांत बचत दाखवतात. सेटिंगमागे 30 मिनिटं, दिवसाला दोन सेटिंग, महिन्याला 25 दिवस, म्हणजे 25 तास. मशीनचा तासाचा दर 600 धरला की 15,000 रुपये, टाळ्या. ते मशीन लाइनमधला अडथळा नसेल तर यातला एक रुपयाही हातात येत नाही. पुढच्या ग्राइंडिंगसमोर ढीग तेवढा वाढतो. म्हणून बचतीचा आकडा मागूच नका. ढीग कुठे साचतो ते रोज एकाच वेळी मोजून आणायला सांगा.

बोअरगेज
हे आवडलं. ढीग मोजणं म्हणजे शेवटी मोजणंच की! तरी तीन आठवड्यांचा हट्ट मी सोडत नाही. हवं तर त्यातला एक गेज आर अँड आरला (मोजण्यातच किती तफावत आहे ते शोधणारी चाचणी) द्या: 10 पीस, तीन ऑपरेटर, तीन वेळा, एकूण 90 रीडिंग. आधीचं रीडिंग ऑपरेटरला दिसता कामा नये, पीसचे नंबर लपवायचे. ही तफावत 30 टक्क्यांच्या वर आली तर तुमच्या सगळ्या आलेखांना काही अर्थ नाही. टीपीओ साहेब, याला शीर्षकही मिळेल.

थर्डशिफ्ट
सगळे इंटर्नचं बोलताय, सेटरचं कोण बोलणार? तीन मिनिटांच्या सायकलवर शिफ्टच्या 430 मिनिटांत 143 पीस निघतात आणि बोर्डावर टार्गेट तेवढंच लिहिलेलं असतं. प्लग का जात नाही हे पोराला समजावण्यात 20 मिनिटं गेली की सहा-सात पीस कमी. ते सेटरच्या नावावर. मग तो म्हणतो, 'बाळा, तू तिकडे बस.' गेज द्या नाहीतर प्रोजेक्ट द्या, इंटर्न ज्या मशीनवर असेल तिथलं टार्गेट त्या सहा आठवड्यांपुरतं 10 पीसने उतरवायला तुमच्यापैकी कुणाचा प्लांट तयार आहे?