मुळशी, वेल्हे की पुरंदर? दीड-दोन एकरात राहून भागवायचंय

आम्ही दोघं आणि आईबाबा, सध्या कोथरूडला फ्लॅट, काम घरूनच चालतं. भाजीपाला, चार कोंबड्या, जमली तर एखादी गाय, आणि लॉकडाऊनसारखं काही परत झालं किंवा आठ दिवस लाईट गेली तरी घर चालावं, एवढीच अपेक्षा. एजंट म्हणतो मुळशी घ्या, पाणीच पाणी. तालुका नक्की पारखायचा कसा?

सासवडकर: पाणीच पाणी म्हणजे जुलैत ना? एजंट लोक प्लॉट पावसाळ्यातच दाखवतात. तुम्ही मे संपताना जा आणि प्लॉट राहू दे, आधी गावची विहीर बघा, टँकर येतो का विचारा. ताम्हिणीकडे पाऊस धो धो पण उतारावर, खाली काळा पाषाण, सगळं वाहून जातं आणि समोर दिसणारं मुळशी धरण टाटांचं. बोअरचं म्हणाल तर पाणी खडकाच्या भेगेत, शेजाऱ्याला लागलं म्हणून तुम्हाला लागेलच असं नाही. आमचं पुरंदर पर्जन्यछायेत, पण इथे पाणी आहे असं निदान कोणी खोटं सांगत नाही 😄 फक्त पुरंदरच्या नियोजित विमानतळाच्या भूसंपादनातली गावं टाळा, पारगाव, खानवडी, वनपुरी वगैरे.

बांधावरून: पाण्याआधी सातबारा. कुळकायद्यामुळे शेतकरी नसाल तर शेतजमीन सहसा घेताच येत नाही, एजंट म्हणेल "करून देतो", तिथेच उठा. भोगवटादार वर्ग २ (सरकारी अटींवर दिलेली जमीन) असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही, आणि सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात 'पुनर्वसनासाठी राखीव' असला शेरा आहे का ते बघा, धरणांच्या भागात हे फार. फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) जुने काढून वाचा, रस्ता नकाशात आहे की नुसता शेजाऱ्याच्या बांधावरून, तेही.

वेल्ह्याचा_पाहुणा: डोंगर फोडून सपाट केलेले प्लॉट मी फुकट दिले तरी घेणार नाही. माळीणची दरड आठवा, ३० जुलै २०१४, दीडशेवर माणसं गेली. व्ह्यू पाहिजे तर रविवारी फिरायला जा की. दुसरं म्हणजे साप, घोणस, मण्यार, फुरसं सगळे आहेत, तेव्हा जवळच्या सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे का आणि रात्री डॉक्टर असतो का हे प्रत्यक्ष जाऊन विचारा, आईबाबा सोबत आहेत म्हणून जास्त सांगतोय. शेतीपंपाची थ्री फेज पाळीने येते, कधी रात्रीची, त्यामुळे सोलर पंप आणि उंचावर टाकी, म्हणजे लाईट नसली तरी नळाला पाणी. गायीचं नंतर बघा, ती आली की घराला कुलूप लावून लग्नालासुद्धा जाता येत नाही.

प्रश्नकर्ता: आजोबांची जमीन साताऱ्याकडे आहे, अजून त्यांच्याच नावावर. चालेल?

बांधावरून: आधी तलाठ्याकडे वारस नोंद लावा, सातबाऱ्यावर नाव येऊ द्या, मग इकडे बघा. आणि साताऱ्याच्या त्या जमिनीला विहीर आहे का हो? असेल तर मुळशी कशाला पाहिजे?