पुरवठादाराचे कर्तव्य

हेरॉइन पुरवणाऱ्यावर इंग्लंडमध्ये मृत्यूची जबाबदारी येऊच शकत नाही, हे मत मला अर्धेच पटते. सज्ञान व्यक्तीने स्वेच्छेने टोचून घेतल्यास पुरवठादार मनुष्यवधाचा दोषी ठरत नाही, असे तेव्हा तिथले सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००७ मध्ये केनेडी खटल्यात ठरवले, हे खरेच. मात्र २००९ च्या इव्हान्स खटल्यात अपील न्यायालयाने १६ वर्षांच्या सावत्र बहिणीला हेरॉइन देऊन, तिची प्रकृती ढासळत असतानाही स्वतः अडचणीत येण्याच्या भीतीने वैद्यकीय मदत न बोलावणाऱ्या तरुणीची, बहिणीच्या मृत्यूनंतर झालेली, मनुष्यवधाची दोषसिद्धी कायम ठेवली. दोष पुरवठ्याचा नव्हता. आपण निर्माण केलेला धोका जिवावर बेतत आहे, हे कळत असताना किंवा कळायला हवे असताना मदत मिळवण्याचे कर्तव्य तिने मोडले होते. मला हाच निकष अधिक न्याय्य वाटतो, कारण त्या रात्री जीव वाचवणे तिच्या हाती होते.