‘देखरेख’ की ‘पर्यवेक्षण’? खासगीतून बांधलेल्या रस्त्यांवर शासन नेमके काय करते?

तिफण:
‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ तत्त्वावरच्या एका महामार्गाचा करारनामा आमच्या भागातील ग्रामस्थांसाठी मराठीत आणताना ‘ओव्हरसाइट’ या शब्दापाशी गाडी अडली आहे. मी ‘शासनाची देखरेख’ असे लिहिले होते. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘पर्यवेक्षण’ केले. रुळलेला शब्द का टाकावा, हे मला अजून पटलेले नाही.

पाणंद:
माझे वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. खडीच्या ढिगाला फीत लावून लांबी, रुंदी आणि उंची ते मोजमाप पुस्तिकेत शाईने लिहीत, आणि त्या नोंदीवाचून ठेकेदाराचे बिल निघत नसे. याला आमच्या घरात देखरेख म्हणत. ‘पर्यवेक्षक’ म्हटले की परीक्षेचा वर्ग डोळ्यांसमोर येतो. देखरेखच ठेवावे.

कोरा कागद:
माझा आक्षेप नेमका याच आठवणीतून निघतो. या करारांत शासन मोजमापावर बिल देत नाही. पैसा कंपनी उभारते आणि पथकरातून वसूल करते. काम निकषांप्रमाणे झाले की नाही, हे ‘स्वतंत्र अभियंता’ पाहतो, आणि राष्ट्रीय महामार्गांच्या नमुना करारानुसार त्याच्या मोबदल्यातला निम्मा वाटा कंपनीच्या खिशातून येतो. ‘देखरेख’ वाचून ग्रामस्थांना वाटेल की सरकारी माणूस फीत घेऊन रस्त्यावर उभा आहे. शासन निर्णयांतला ‘संनियंत्रण’ हा शब्द इथे अधिक खरा आहे.

पाणंद:
तो शब्द एकदा ग्रामसभेत मोठ्याने वाचून पाहावा. ज्यांच्या जमिनी रस्त्यात गेल्या, त्यांना तो कळायला हवा.

गेरू:
‘निगराणी’ का नको? फारसीत ‘निगाह’ म्हणजे नजर; आपली ‘निगा’ तिथलीच, पण मराठीत ती जपणुकीच्या अर्थाने रुजली. रस्त्याची निगा कंपनीने राखावी आणि शासनाने निगराणी करावी, इतका स्वच्छ भेद दुसऱ्या कोणत्या जोडीत मिळेल?

कोरा कागद:
या अर्थाने निगराणी हिंदी बातम्यांतून आली आहे. सरकारी मजकुरात मला ती खटकते.

गेरू:
मग ‘करारनामा’ही खटकायला हवा, त्यातला ‘करार’ अरबी आणि ‘नामा’ फारसी आहे.

जमाखर्च:
हिशेबाची बाजूही लक्षात घ्यावी. महसुलात सरकारचा वाटा असेल तर खासगी दूरसंचार कंपन्यांचे हिशेबही महालेखापरीक्षकांना तपासता येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये दिला. त्या तपासणीला ‘लेखापरीक्षण’ असा नेमका शब्द आहे. रस्त्याच्या दर्जाच्या तपासणीला तो नाही, ही खरी उणीव आहे. शिवाय ‘कन्सेशनेअर’ला, म्हणजे रस्ता बांधून पथकर वसूल करण्याचा हक्क मिळालेल्या कंपनीला, आपण काय लिहिले आहे?

तिफण:
‘सवलतधारक’. तपासणाऱ्यांनी तो तसाच ठेवला.

जमाखर्च:
तो आधी बदलावा. सवलत म्हणजे एसटीचे अर्धे तिकीट. १ जून २०१५ पासून राज्यातल्या ५३ नाक्यांवर लहान वाहनांना पथकर माफ झाला, त्यालाही लोक सवलतच म्हणाले. पथकर भरणारा आणि पथकर घेणारा, दोघेही सवलतधारक कसे होतील?

पाणंद:
यासाठी ‘मक्तेदार’ हा जुना शब्द आहे. ठरावीक मुदतीसाठी वसुलीचा हक्क घेणे म्हणजेच मक्ता घेणे.

कोरा कागद:
आज मक्तेदार म्हणजे बाजार एकट्याने अडवून बसलेला. करारनाम्यात तो आरोप ठरेल.

तिफण:
आमच्या गावाला तालुक्याला जायला दुसरा रस्ता नाही. तरीही तो शब्द आरोप ठरेल का?